दोन देव्हाऱ्यांची मांय

दर सप्टेंबरात मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवर मोतमाउलीची जत्रा भरते. मेणाची बाळं, मेणाचे हात-पाय, मेणाची घरं घेऊन बायका रांगेत उभ्या असतात. त्या रांगेत ख्रिस्ती असतात तशा हिंदूही असतात. नवस फेडायचा, मेणबत्ती लावायची आणि घरी येऊन त्याच हातांनी देवघरात सांजवात लावायची. गोव्यात म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला तेल वाहायला जाणाऱ्यांतही दोन्ही धर्मांची माणसं असतात. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरी हे असंच चालतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पण मैत्रिणींनो, समजा एखाद्या संध्याकाळी दारावर पोलीस आले. देव्हाऱ्यातले टाक, घंटा, सगळं उचलून घेऊन गेले. ही पूजा म्हणजे गुन्हा आहे असं म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात कुणी अडवलं, की या वेशात आत यायचं नाही. मग? दोन्हीकडून दारं लावली जात असताना दोन्ही देव जपायचे कसे?

ब्राझीलमधल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं हे तब्बल ६४ वर्षं करून दाखवलं. तिचं कागदोपत्री नाव मारिया एस्कोलास्तिका दा कोन्सेसांव नाझारे. पण सारा देश तिला ओळखतो तो मांय मेनिनीन्या या नावानं. पोर्तुगीज भाषेत आईला मांय म्हणतात. आपल्या मायेच्या किती जवळचा शब्द आहे, नाही? आणि मेनिनीन्या म्हणजे छोटीशी मुलगी. लहानपणी घरच्यांनी ठेवलेलं हे लाडाचं नाव ९२ व्या वर्षापर्यंत टिकलं. छोटीशी मुलगी हजारोंची आई झाली, तरी नाव तेच राहिलं.

संताच्या दिवशी जन्म, ओशुनच्या ओटीत

मेनिनीन्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८९४ चा, ब्राझीलच्या बाहिया प्रांतातल्या साल्वादोर शहरातला. कॅथलिक पंचांगात १० फेब्रुवारी हा संत स्कोलास्टिका यांचा दिवस. म्हणून मुलीचं नाव एस्कोलास्तिका. नावापासूनच ती चर्चची.

पण याच मुलीला लहानपणीच घरातल्या मोठ्या बायकांनी ओशुन या देवीच्या ओटीत घातलं. ओशुन ही नदीची देवी, गोड्या पाण्याची, मायेची, लेकुरवाळेपणाची. सोनेरी आणि पिवळा हे तिचे रंग. हातात आरसा किंवा पंखा. तिची मूळ नदी साल्वादोरपासून फार दूर, समुद्रापलीकडे, आजच्या नायजेरियात आहे.

आता ही नायजेरियाची नदी ब्राझीलमध्ये कशी पोहोचली? गोष्ट दुःखाची आहे. पोर्तुगिजांनी आणि पुढे ब्राझीलच्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतून सुमारे ४८ लाख माणसं गुलाम करून ब्राझीलला आणली. उसाच्या मळ्यांत, खाणींत, घरकामाला राबवली. साल्वादोर १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी होतं. गोव्याहून पोर्तुगालला परतणारी जहाजंही या बंदरात थांबत. म्हणजे आपल्या गोव्यावर ज्यांची सत्ता होती, त्यांचंच हे दुसरं शहर. गुलामांना बाप्तिस्मा द्यायचा, ख्रिस्ती नाव द्यायचं आणि त्यांचे जुने देव पुसून टाकायचे, असा तिथला रिवाज.

देव मात्र पुसले गेले नाहीत. नायजेरिया आणि बेनिन भागातल्या योरुबा लोकांनी आपले देव, म्हणजे ओरिशा, मनात घालून आणले होते. एखाद्या मुलीला आईनं लग्नात काहीच देता आलं नाही, तरी ओव्या आणि पाककृती ती डोक्यात घेऊनच जाते ना, तसं. या ओरिशांच्या उपासनेला बाहियात कांदोम्ब्ले म्हणतात. तिच्या ठिकाणाला तेरेरो म्हणतात आणि या शब्दाचा साधा अर्थ आहे अंगण. ढोल वाजतात, पांढरेशुभ्र घेरदार झगे घालून बायका गोल फेर धरतात आणि ओरिशा त्यांच्या अंगात येतो. हो, अंगात येणं हाच आपला शब्द तिथं अगदी चपखल बसतो.

सांगतात, की साल्वादोरमधली योरुबा परंपरेची सगळ्यात जुनी उपासना सुरू झाली तीच बारोकीन्या नावाच्या चर्चच्या परिसरात. तिथल्या चर्चच्या मंडळातल्या काळ्या बायकाच ती चालवत. पुढं ती जागा बदलली आणि कासा ब्रांका हे जुनं घर उभं राहिलं. त्या घरातून वेगळ्या होऊन मेनिनीन्यांच्या कुळातल्या मारिया झुलिया यांनी १८४९ मध्ये स्वतःचं घर स्थापन केलं. त्याचं नाव गांतुआ. हे नाव आलं जमिनीच्या मालकावरून, आणि हा मालक गुलामांचा व्यापार करणारा बेल्जियन होता! ज्यांना विकून त्यानं पैसा केला, त्यांच्याच देवांच्या घरामुळे आज त्याचं नाव उरलं आहे.

गांतुआची एक रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिथली गादी बायकांकडे असते आणि ती रक्ताच्या नात्यातच जाते. मावशीकडून भाचीकडे, आईकडून लेकीकडे.

कवड्या आपल्या ओळखीच्या

योरुबा लोकांत माणसाचं नशीब, अडचण, उपाय जाणून घ्यायची एक फार मोठी विद्या आहे. तिला इफा म्हणतात. ओरुनमिला हा त्या विद्येचा देव आणि बाबालावो हे तिचे जाणकार. बाबालावो म्हणजे रहस्यांचा बाप. ते ताडाच्या १६ बिया हातात खेळवून किंवा साखळी टाकून खुणा मांडतात. त्या खुणांचे २५६ प्रकार, आणि प्रत्येक प्रकाराच्या कितीतरी कथा-कवनं तोंडपाठ हवीत. वर्षानुवर्षं गुरूजवळ बसल्याशिवाय ती येत नाहीत. युनेस्कोनं २००५ मध्ये इफाला मानवजातीचा अमूल्य वारसा म्हणून गौरवलं.

इफाचे बाबालावो परंपरेनं पुरुष. साल्वादोरमध्येही असे एक मोठे जाणकार होते, मार्तिनियानो दो बोंफिम. एकेकाळी गुलामगिरीत राहिलेल्या आई-बापांचा हा मुलगा तरुणपणी आफ्रिकेत लागोसला गेला, तिथं मिशनरी शाळेत शिकला आणि इफाही शिकून परतला. म्हणजे बायबल आणि इफा एकाच माणसाच्या झोळीत! १९४३ मध्ये ते गेले आणि बाहियात या पुरुषांची परंपरा क्षीण होत गेली.

मग विद्या बुडाली का? नाही. कारण ती बायकांच्या हातात दुसऱ्या वाटेनं आलेली होतीच. योरुबा पुराणात एक कथा आहे. ती सांगण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या, पण गाभा असा, की ओशुन देवीनं ही जाणण्याची विद्या मिळवली आणि १६ कवड्यांवर ती चालू केली. ताडाच्या बिया पुरुषांच्या, कवड्या ओशुनच्या. बाहियातल्या तेरेरोंमध्ये गादीवरची मांय कवड्या टाकते, त्या किती उघड्या पडल्या किती पालथ्या ते पाहते आणि समोरच्याच्या मनातलं गाठोडं सोडवते.

कवड्या म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? तुळजाभवानीच्या आराधिणींच्या गळ्यातली माळ, हातातली परडी. नातं उगाच जोडत नाही हं मी. आफ्रिकेत पोहोचलेल्या कवड्यांचा मोठा साठा आपल्याच हिंदी महासागरातला, मालदीवच्या किनाऱ्यावरचा. जहाजांत भरून त्या युरोपात आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत जात. तिथं त्या नाणं म्हणून चालत आणि गुलामांच्या खरेदीतही मोजल्या जात. ज्या कवड्यांनी माणसं विकली गेली, त्याच कवड्या पुढं त्यांच्या लेकी-नातींनी देवीचं मन जाणायला वापरल्या. बायका कशाचं काय करतील, सांगता येत नाही!

मेनिनीन्या पुढं या कवड्यांसाठीच प्रसिद्ध झाल्या. धुणं धुणाऱ्या बाईपासून मंत्र्यापर्यंत सगळे त्यांच्यासमोर येऊन बसत.

अठ्ठाविसाव्या वर्षी गादी

पण ही गादी त्यांच्याकडे काही सहज आली नाही. घराची सूत्रं पुल्केरिया या थोर मावशीकडे होती. त्यांनीच मेनिनीन्यांना लहानपणापासून घडवलं. १९१८ मध्ये पुल्केरिया गेल्या. मग मेनिनीन्यांच्या आई मारिया दा ग्लोरिया पुढं आल्या, पण १९२० मध्ये त्याही गेल्या. दोन वर्षांत घरातली दोन मोठी माणसं गेली आणि घर पोरकं झालं. शेवटी १९२२ मध्ये ओरिशांनी कौल दिला तो मेनिनीन्यांच्या बाजूनं. वय अवघं २८.

विचार करा. शिवणयंत्रावर बसून पोट भरणारी तरुण बाई. अधूनमधून गोडधोड करून विकणारी. तिच्या डोक्यावर एकदम एवढं मोठं घर. त्या घरातल्या कितीतरी बायका वयानं तिच्याहून मोठ्या, अनुभवानं मोठ्या. एकत्र कुटुंबात धाकट्या सुनेच्या हाती अचानक तिजोरीच्या किल्ल्या आल्या तर काय होईल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आलव्हारो मॅकडॉवेल दे ओलिव्हेरा या वकिलाशी त्यांनी संसार केला. मॅकडॉवेल हे स्कॉटिश घराण्याचं नाव. दोन मुली झाल्या, क्लेउझा आणि कारमेन. मुली वाढवायच्या, कपडे शिवायचे, आणि तेरेरोत दीक्षा घ्यायला आलेल्यांचं सगळं पाहायचं. दीक्षा म्हणजे काही एका दिवसाचं काम नव्हे. कित्येक आठवडे एकांतात राहणं, डोकं भादरणं, गाणी आणि व्रतं शिकणं, खाण्यापिण्याचे नियम. त्यातून बाहेर आलेलं माणूस नव्यानं जन्मलेलं मानतात आणि म्हणूनच ते गादीवरच्या बाईला मांय म्हणतं.

स्वयंपाकघर तर देवघराइतकंच महत्त्वाचं. प्रत्येक ओरिशाचा नैवेद्य वेगळा. ओशुनला शिजवलेली चवळी आणि वर अंडी. वादळाची देवी यान्सां हिला अकाराजे, म्हणजे भिजवून साल काढलेल्या चवळीची पिठी कांद्यासह फेटून, लालभडक पामतेलात तळलेले वडे. साल्वादोरच्या रस्त्यारस्त्यावर आजही पांढऱ्या झग्यातल्या बायका हे वडे तळतात. मुळात तो देवीचा नैवेद्य. त्यावर कित्येक बायकांचे संसार चालले आहेत.

दारात पोलीस

मेनिनीन्यांनी गादी घेतली तो काळ वाईट होता. गुलामगिरी १३ मे १८८८ रोजी कायद्यानं संपली होती, पण १८९० च्या फौजदारी कायद्यानं जादूटोणा आणि गावठी उपचारांच्या नावाखाली असल्या उपासनांना गुन्ह्याच्या खात्यात टाकलं. १९२० च्या दशकात साल्वादोरमध्ये पोलिसांनी तेरेरोंवर धाडी घातल्या. ढोल फोडले, पवित्र वस्तू जप्त केल्या, माणसं कोठडीत टाकली. जप्त केलेल्या कित्येक वस्तू पुढं संग्रहालयाच्या कपाटांत, गुन्ह्याचे नमुने म्हणून पडून राहिल्या. नंतर धाडी कमी झाल्या, पण उत्सव करायचा तर आधी पोलिसांच्या खात्याकडून परवाना काढायचा, असा जाच सुरू झाला. आणि खातं कोणतं, तर जुगार आणि नीतिमत्ता पाहणारं! देवाच्या पूजेला जुगाराच्या अड्ड्याच्या रांगेत बसवलं होतं.

मेनिनीन्यांनी काय केलं? मोर्चे काढले नाहीत, शिव्याशाप दिले नाहीत. सांगतात, की ढोल अमुक वाजता बंद झाले पाहिजेत असा हुकूम घेऊन आलेल्या साहेबालाच त्यांनी आत बोलावलं. ही आमच्या वाडवडिलांची रीत आहे, बसा, तुम्हीच पाहा, असा त्यांचा सूर असे. माणूस बसला, जेवला, पाहिलं, की त्याच्या मनातला भुताखेतांचा गोंधळ निवळायचा. आपल्याकडची जुनी बाई दारात आलेल्या वसुलीवाल्यालाही आधी पाणी देते आणि मग बोलते, तसं काहीसं.

याला कुणी नरमाई म्हणेल. पण घर उघडं राहिलं, ढोल थांबले नाहीत, हेही खरं. त्यांनी तेरेरोचे दरवाजे अभ्यासकांना, लेखकांना, गोऱ्या आणि कॅथलिक घरांतल्या लोकांनाही उघडले. १९३७ मध्ये साल्वादोरला आफ्रो-ब्राझिलियन अभ्यासकांची परिषद भरली, तेव्हापासून या घरांकडे पाहण्याची सुशिक्षितांची नजर बदलू लागली. १९३८-३९ मध्ये रुथ लँडिस ही अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाहियात राहिली. इथल्या उपासनेत बायकाच सर्वेसर्वा आहेत हे पाहून ती थक्क झाली. १९४७ मध्ये आलेल्या पुस्तकाला तिनं नावच दिलं ‘बायकांचं शहर’. त्यात मेनिनीन्या भेटतात.

अर्थात, घराचं सगळंच उघडं नव्हतं. पाहुण्याला अंगण मोकळं, माजघर नाही. दीक्षेची गुपितं, मंत्र, औषधी पाला कुठला नि कधी खुडायचा, हे सगळं आतच राहिलं.

चर्चच्या पायऱ्या

आणि चर्च? ते त्यांनी कधीच सोडलं नाही. मेनिनीन्या प्रार्थनेला चर्चमध्ये जात राहिल्या. जन्मानं मिळालेला तो धर्मही त्यांचाच होता. नावापुरता नव्हे, मनातून.

बाहियात ओरिशा आणि संत यांच्या जोड्या लागलेल्या आहेत. बोंफिमच्या चर्चमधला क्रुसावरचा येशू आणि ओशाला हा सर्वांत वडील, शुभ्र ओरिशा. संत बार्बरा आणि यान्सां. ओशुन आणि मेरीमाता. गुलामीच्या काळात मालकासमोर संताच्या मूर्तीपुढं हात जोडायचे आणि मनात ओरिशाचं नाव घ्यायचं, अशी सुरुवात असेल. पण दोनशे-अडीचशे वर्षं रोज हात जोडल्यावर समोरची मूर्तीही आपली होतेच की. नव्यानं दीक्षा घेतलेल्या मुली पांढऱ्या कपड्यांत बोंफिमच्या चर्चला जाऊन येतात, अशी रीत अनेक घरांत पडली.

दर जानेवारीत पांढऱ्या झग्यातल्या बायका डोक्यावर फुलांनी सजवलेल्या सुगंधी पाण्याच्या घागरी घेऊन मिरवत या चर्चपर्यंत जातात आणि पायऱ्या धुतात. पूर्वी चर्च आतून धुतलं जाई. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धर्मगुरूंनी आत येण्यास मनाई केली. बायका परत गेल्या नाहीत. त्या पायऱ्या धुऊ लागल्या, त्या आजतागायत.

कांदोम्ब्लेच्या वेशात, मण्यांच्या माळा घालून आलेल्या बायकांना चर्चमध्ये प्रवेश देताना धर्मगुरू कां-कूं करत. इथंही मेनिनीन्यांनी आपली ती जुनी वाट धरली. बिशपांशी बोलत राहिल्या, पटवत राहिल्या. शेवटी त्यांनी बाहियाच्या बिशपांचं मन वळवलं आणि बायका आपल्या वेशात चर्चमध्ये जाऊ लागल्या. ज्या दोन दारांची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, ती दोन्ही दारं या बाईनं अशी हळूहळू, कडी न तोडता उघडली.

गाण्यातली मांय

१९७२ मध्ये मेनिनीन्यांच्या गादीला ५० वर्षं झाली. बाहियाचे लाडके गीतकार दोरिव्हाल कायमी यांनी त्यांच्यावर गाणं रचलं. गाल कोस्ता आणि मारिया बेतानिया या दोघींनी ते गायलं आणि देशभर घरोघरी पोहोचवलं. ज्या घराला परवान्यासाठी पोलिसांकडे जावं लागत होतं, त्या घराची मांय रेडिओवर आली! बेतानिया स्वतः या घरच्या लेकींपैकी एक. कादंबरीकार जॉर्ज आमादो, कवी व्हिनिसियस दे मोराइस यांच्यासारखे नामवंत मेनिनीन्यांच्या पायाशी बसत.

गंमत पाहा, गाणं गाजत होतं तेव्हाही परवान्याचा नियम होताच. तो रद्द झाला चार वर्षांनी, जानेवारी १९७६ मध्ये, बाहियाच्या राज्यपालांच्या हुकमानं. तेव्हा मेनिनीन्या ८२ व्या वर्षात होत्या. २८ व्या वर्षी जो जाच डोक्यावर घेतला, तो उतरायला आयुष्य सरत आलं.

८९ व्या वर्षीची सही

आता त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत विचार करायला लावणारा प्रसंग. १९८३ च्या जुलैत साल्वादोरमध्ये ओरिशा परंपरेची जागतिक परिषद भरली. त्यानंतर मांय स्टेला या तरुण पिढीतल्या तडफदार धर्मप्रमुखांच्या पुढाकारानं एक जाहीर पत्रक निघालं. आशय असा, की संत वेगळे आणि ओरिशा वेगळे. यान्सांला संत बार्बरा म्हणणं आता थांबवा. कांदोम्ब्ले हा स्वतंत्र धर्म आहे, पर्यटकांना दाखवायचा तमाशा नव्हे. गुलामीच्या काळात घेतलेला मुखवटा आता नको. त्यावर पाच मोठ्या घरांच्या प्रमुख बायकांच्या सह्या होत्या. त्यांत एक सही ८९ वर्षांच्या मेनिनीन्यांची.

वाचून गोंधळायला होतं. जन्मभर चर्चला जाणारी बाई अशा पत्रकावर सही कशी करते? ब्राझीलमध्येही यावर पुष्कळ चर्चा झाली. दोन्ही कसं चालेल, असं विचारणारे तेव्हा होते, आजही आहेत. चर्चमधल्या कडव्या मंडळींना एकच देव हवा आणि कांदोम्ब्लेतल्या काहींना चर्चची सावलीसुद्धा नको. त्यांची बाजूही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या चर्चनं आपल्या पूर्वजांना बेड्यांत बाप्तिस्मा दिला, तिथं जायचंच कशाला, हा प्रश्न खरा आहे.

पण मला वाटतं, त्या सहीत आणि त्या प्रार्थनेत विरोध नाही. आपल्यालाच पाहा ना. लग्न झाल्यावर आपण सासूला आई म्हणतो, तिचं सगळं करतो, कालांतरानं माया जडते. पण सासू म्हणजेच आपली जन्मदाती, असं कुणी म्हटलं तर? चालणार नाही. दोघींचा मान वेगळा, दोघींची जागा वेगळी. एकीला मानायचं म्हणून दुसरीला पुसायचं कारण नाही, आणि दोघींना एकच ठरवायचंही कारण नाही. मेनिनीन्यांच्या घरी मेरीमाता होती आणि ओशुनही होती. मेरीच्या आड ओशुनला लपवायची गरज मात्र आता उरली नव्हती. परवाना गेला होता, पोलीस गेले होते. मग ओशुनला तिच्या स्वतःच्या नावानं हाक का मारू नये?

मेळ घालणं आणि भेसळ करणं यांत फरक असतो. स्वयंपाकघरात रोज वावरणाऱ्या आपल्याला तो नीट कळतो.

मागे उरलेलं घर

१३ ऑगस्ट १९८६ रोजी मांय मेनिनीन्या गेल्या. वय ९२. पुढं गांतुआची गादी आधी थोरल्या लेकीकडे, क्लेउझाकडे आली. १९९८ मध्ये क्लेउझा गेल्या आणि २००२ मध्ये धाकट्या कारमेन गादीवर बसल्या. रीत मोडली नाही. त्याच २००२ मध्ये ब्राझील सरकारनं गांतुआला राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण दिलं. ज्या अंगणात पोलीस शिरत होते, त्या अंगणाची राखण आता सरकारनं करायची! मेनिनीन्यांच्या वस्तू तिथं जपून ठेवल्या आहेत.

ब्राझीलमध्ये सगळं आबादीआबाद झालं असं मात्र नाही. अलीकडच्या वर्षांतही तेरेरोंवर दगडफेकीच्या, जाळपोळीच्या बातम्या येतात. पांढरे कपडे घालून रस्त्यानं जाणाऱ्या बायका-मुलींना टोमणे ऐकावे लागतात. हे काम मेनिनीन्यांच्या हयातीत संपलं नाही आणि अजूनही संपलेलं नाही.

आपल्या घरातही हे प्रश्न वेगळ्या रूपात येतात. लेक परजातीत, परधर्मात लग्न करते. सून वेगळा देव घेऊन येते. देव्हाऱ्यात जागा कुणाला, सण कुणाचे करायचे, नातवाचं नाव काय ठेवायचं, यावरून माणसं तुटतात. अशा वेळी साल्वादोरची ती शिवणकाम करणारी मांय आठवावी. सकाळी चर्चची घंटा ऐकणारी, संध्याकाळी कवड्या हाती घेणारी. तिनं देव्हारे दोन ठेवले आणि दोन्हींतली वात जपली. दारात आलेल्याला आधी आत बोलावलं, बसवलं, जेवू घातलं. बाकीचं बोलणं त्यानंतर.